गाव सांग, आजा सांग, मग रॅप कर

शाळा उघडायला आली होती आणि सिंडी कॅम्पबेलला नवे कपडे हवे होते. हातात पैसा नव्हता. मग तिने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आपण राहतो त्याच इमारतीचा हॉल घेतला, भावाला गाणी वाजवायला बसवलं आणि दाराशी तिकीट लावलं. पोरींना २५ सेंट, पोरांना ५०. तारीख होती ११ ऑगस्ट १९७३, पत्ता १५२० सेजविक अव्हेन्यू. भावाचं नाव क्लाइव्ह, पण सगळे त्याला डीजे कूल हर्क म्हणायचे. हिपहॉपचा वाढदिवस म्हणून आज जग हीच तारीख धरतं. एवढ्या मोठ्या धंद्याचं मूळ भांडवल म्हणजे एका पोरीची कपड्यांची हौस.

हर्कने एक गोष्ट बरोबर हेरली होती. नाचणारी पोरं गाण्यातल्या एका ठरावीक जागेची वाट बघायची. गायक गप्प होतो, बाकीची वाद्यं थांबतात, उरतो फक्त ड्रम. ती जागा काही सेकंदांत संपायची. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आणल्या आणि शेजारी शेजारी दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा ड्रम संपत आला की दुसरीवर तोच तुकडा सुरू करायचा आणि तोवर पहिली हाताने मागे फिरवून तयार ठेवायची. पाच सेकंदांचा ठेका पाच मिनिटं चालायला लागला. वरातीत बॅन्ड थांबून नुसती हलगी कडाडते तेव्हा पोरांचं काय होतं, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको.

हर्क मूळचा अमेरिकेचा नव्हेच. तो जमैकातल्या किंग्स्टनचा, लहानपणी न्यूयॉर्कला आलेला. दुसरा मोठा उस्ताद ग्रँडमास्टर फ्लॅश बार्बाडोसमध्ये जन्मला. दोघांचेही पूर्वज आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेले. गुलामीत नाव गेलं, गाव गेलं, आडनाव मालकाचं चिकटलं. आपल्या वेळापूर-माळशिरसकडे अनोळखी पोरगं दिसलं की पहिला प्रश्न येतो, "कुणाचा रं तू?" आफ्रिकन मुळाच्या रॅपरांची निम्मी गाणी म्हणजे याच प्रश्नाला दिलेलं उत्तर असतं. ते उत्तर शोधताना काही रस्ते थेट आपल्या अंगणातून जातात. बघा कसे.

फुल्यांची शंभर वर्षं

जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ साली छापलं गेलं. अर्पणपत्रिका कुणाला? अमेरिकेतल्या काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जन लोकांना. पुण्यातला माणूस सातासमुद्रापलीकडच्या गुलामांची मुक्ती मनाशी धरून पुस्तक लिहितो, आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ साली, तशाच गुलामांची पतवंडं ब्रॉन्क्समध्ये रेकॉर्डी फिरवायला लागतात. योगायोग आहे, पण काय झकास योगायोग!

मधला दुवाही आहे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर शिकायला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम, काळ्या अमेरिकेचं सांस्कृतिक माहेर. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं ऐकलं, त्याची प्रत मिळेल का, अशी विचारणा होती. डु बॉइसचं उत्तरही आलं. हाच डु बॉइस म्हातारपणी घानाचा नागरिक झाला आणि १९६३ साली अक्रा शहरात वारला. मुळाकडे परत जाणं त्याने रॅपरांच्या आधी करून दाखवलं.

बार्शी ते टुपाक, दोन उड्यांत

शाहीर अमर शेख आपल्याच जिल्ह्यातले. जन्म १९१६, बार्शी. खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पहाडी आवाजाने मैदानं हलवली. त्यांची मुलगी मलिका. मलिकाताईंचं लग्न झालं नामदेव ढसाळांशी. ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या मंडळींनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर काढली आणि नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून.

दुसरी उडी. त्या ब्लॅक पँथर पक्षात न्यूयॉर्कला अफेनी शकूर नावाची कार्यकर्ती होती. २१ पँथरांवर कटाचा खटला भरला गेला. त्यात ही बाई पोटुशी असताना स्वतःची बाजू स्वतः मांडत होती. मे १९७१ मध्ये सगळे निर्दोष सुटले आणि महिनाभराने, १६ जूनला, तिला मुलगा झाला. तोच टुपाक शकूर. नाव ठेवलं पेरूमध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठलेल्या टुपाक अमारूचं. आफ्रिकन वंशाचा पोरगा, दक्षिण अमेरिकेच्या बंडखोराचं नाव आणि आई पँथर! बार्शीच्या शाहिराच्या जावयाने जे नाव उचललं त्याच संघटनेच्या मांडीवर रॅपचा सगळ्यात गाजलेला आवाज वाढला. हे सोलापूर जिल्ह्याच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात का नाही, कोण जाणे.

सोलापूरचा किल्ला घेणारा हबशी

आफ्रिकन माणूस आपल्याकडे येऊन नाव कमावून गेला, त्याला चारशे वर्षं झाली. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेलं चापू नावाचं पोरगं बाजारात विकलं गेलं, पुन्हा विकलं गेलं, मालक बदलले तसं नाव बदललं, आणि शेवटी निजामशाहीच्या हबशी पेशव्याने, चंगीझखानाने, त्याला विकत घेतलं. तोच मलिक अंबर. गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने पुढे निजामशाहीची सगळी सूत्रं हातात घेतली, परंड्याला राजा बसवला, जमीनमहसुलाची घडी बसवली, खडकी शहर वसवलं, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशहा या दोघांच्या फौजांना एकदम लोळवलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. भातवडीनंतर अंबरने सोलापूरचा किल्लाही आदिलशहाकडून घेतला. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने किल्ल्याकडे बघताना हे आठवायला हरकत नाही.

आता यातला रॅप कुठे? तर इथे. रॅपर एकमेकांना गाण्यातून शिव्या घालतात, त्याला 'डिस' म्हणतात. २०२४ मध्ये केंड्रिक लमार आणि ड्रेक यांची अशी जुंपली, आणि त्या भांडणातल्या केंड्रिकच्या गाण्याने पुढच्या वर्षी पाच ग्रॅमी नेले. पण डिसचा बादशहा खरोखरचा बादशहाच होता. जहांगीरला अंबर काही केल्या हाती लागेना. आत्मचरित्रात त्याने अंबरच्या रंगावरून वाट्टेल ते लिहिलं. त्यानेही समाधान होईना, तेव्हा १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य, आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर तो बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर त्यानंतर दहा वर्षं ठणठणीत जगला आणि १६२६ साली म्हातारा होऊन वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. ज्याला हरवता येत नाही त्याचं मुंडकं कागदावर उडवायचं, हा उद्योग बादशहाला शोभला नाही, पण रॅपरांनी तो जरूर अभ्यासावा.

आपल्याकडे शाहिरांनी हेच भांडण जरा सभ्यपणे केलं. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या बाजूचे, आणि रात्र रात्र सवाल-जवाब. वेळापूरच्या यादवकालीन अर्धनारीनटेश्वराने मात्र दोन्ही पार्ट्या एकाच गाभाऱ्यात आणून हा सामना केव्हाच बरोबरीत सोडवला आहे.

अंबरचे भाऊबंद अजून आहेत. जंजिऱ्याचं सिद्दी संस्थान तर थेट १९४८ पर्यंत टिकलं. बेळगावच्या खाली उत्तर कन्नडात, हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड या भागात सिद्दींची गावं आहेत. घरात कोकणी, बाजारात कन्नड, अनेकांना मराठीही येते. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, पण ढोल सगळ्यांचा एक आणि पूर्वजांची पूजाही सगळ्यांची. २००३ साली तिथल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. पूर्वजांचं गाव विसरलं, भाषा विसरली, ठेका मात्र राहिला. ब्रॉन्क्सचीही कथा याहून फार वेगळी नाही.

झुलू सरदार आणि सार्जंट मेजर गांधी

१९०६ साली दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात बंबाथा नावाच्या झुलू सरदाराने डोईपट्टीविरुद्ध बंड केलं. इंग्रजांनी ते चिरडलं. जखमींना वाहून नेणाऱ्या हिंदी लोकांच्या तुकडीत चोवीस माणसं होती आणि त्यांचा सार्जंट मेजर होता बॅरिस्टर मोहनदास गांधी. गोरी माणसं झुलू जखमींना हात लावायला तयार नव्हती. फटक्यांनी चिरलेल्या त्या पाठींवर मलमपट्टी याच हिंदी मंडळींनी केली.

जवळजवळ सत्तर वर्षांनी ब्रॉन्क्सच्या टोळीयुद्धात वाढलेल्या एका तरुणाने तेच नाव उचललं. आफ्रिका बंबाटा. 'झुलू' नावाचा १९६४ चा सिनेमा बघून तो भारावला होता. टोळ्यांतल्या पोरांना मारामारीऐवजी नाचात आणि गाण्यात गुंतवायचं म्हणून त्याने झुलू नेशन काढली. त्याचं १९८२ चं 'प्लॅनेट रॉक' जर्मन बँडच्या चालीवर उभं आहे, म्हणजे झुलू नाव, जर्मन सूर आणि ब्रॉन्क्सची पोरं. २०१६ पासून याच माणसावर लैंगिक शोषणाचे आरोप झाले. त्याने ते नाकारले, पण संघटनेतून त्याला बाजूला व्हावं लागलं. इतिहास सांगायचा तर तेही सांगायला हवं.

बाप कवी, बेटा रॅपर

या सगळ्या पसाऱ्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आता.

केओरापेत्से खोसित्सिले हा दक्षिण आफ्रिकेचा कवी. वर्णद्वेषी सरकारमुळे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याने देश सोडला आणि अनेक वर्षं अमेरिकेत काढली. त्याच्या एका कवितेतल्या ओळीवरून हार्लेमच्या तरुणांनी आपल्या गटाचं नाव ठेवलं, 'द लास्ट पोएट्स'. १९ मे १९६८, माल्कम एक्सच्या जन्मदिनी, हे लोक पहिल्यांदा एकत्र उभे राहिले. ढोल आणि त्यावर बोललेली कविता, एवढाच मामला. रॅपच्या वंशावळीत या गटाला पणजोबांचा मान आहे.

गंमत पुढे आहे. खोसित्सिलेला अमेरिकेत एक मुलगा झाला, थेबे. बाप मायदेशी परत गेला, २००६ साली तिथला राष्ट्रकवी झाला. मुलगा लॉस एंजेलिसमध्ये आईपाशी वाढला आणि अर्ल स्वेटशर्ट या नावाने रॅपर झाला. म्हणजे ज्या कवीच्या ओळीतून रॅपचे पणजोबा निघाले, त्याचाच पोरगा रॅपर! बापाविषयी मनात अढी होती, ती त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांतून चांगली टोचते. पुढे त्याने एक बेत केला. आईचं भाषण आणि बापाचं कवितावाचन, दोन वेगवेगळी रेकॉर्डिंग घेऊन ती एकमेकांत अशी गुंफायची की दोघं बोलताहेत असं वाटावं. हे बापाला अचानक ऐकवायचं होतं. जानेवारी २०१८ मध्ये बाप वारला. त्याच महिन्यात कुटुंबाचे जुने स्नेही, ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेलाही गेले. नोव्हेंबरमध्ये अल्बम आला, त्यात आईबापाचा तो तुकडा आहे आणि शेवटी मासेकेलांचं ट्रम्पेट आहे. अर्ल स्वतः त्या दोन्ही ठिकाणी एक शब्दही बोलत नाही. ज्याचं पोट बोलण्यावर चालतं, तो गप्प बसतो तेव्हा जास्त ऐकू येतं.

असे घराणेदार रॅपर आणखीही आहेत. घानाचा एम.अॅनिफेस्ट हा प्राध्यापक क्वाबेना न्केतिया यांचा नातू. आफ्रिकन संगीताचा अभ्यास कसा करायचा हे जगाला ज्यांच्या पुस्तकांनी शिकवलं ते न्केतिया. आजोबांनी ताल लिहून काढले, नातू तेच बोलतो. सोमालियाचा केनान कवींच्या घरातला. आजोबा कवी, नात्यातली एक बाई नामांकित गायिका. मोगादिशू पेटलं तेव्हा, १९९१ साली, हे कुटुंब निसटलं. बापाने अमेरिकेतून पाठवलेल्या रेकॉर्डी ऐकून केनान इंग्रजी रॅप नुसत्या उच्चारांवर पाठ म्हणायचा, अर्थ कळत नसताना. आपल्याकडे न कळणारी स्तोत्रं पाठ असणाऱ्यांना यात काही विशेष वाटणार नाही. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात त्याचं 'वेव्हिन फ्लॅग' जगभर घुमलं.

अकॉनही असाच. त्याचा बाप मोर थियाम सेनेगलचा नावाजलेला ढोलवादक, कॅथरीन डनहॅम या नर्तिकेच्या निमंत्रणावरून अमेरिकेला गेलेला. पोराचं बालपण गेलं सेनेगलमध्ये. तोच अकॉन २०११ साली 'रा.वन'मध्ये हिंदीत 'छम्मक छल्लो' गाऊन गेला आणि त्यावर आपल्याकडे गावोगाव वराती नाचल्या. सेनेगलमध्ये स्वतःच्या नावाचं शहर उभारायची त्याची घोषणा मात्र हवेतच विरली.

आणि नास. त्याचे वडील मिसिसिपीचे चार्ल्स जोन्स. या जॅझवादकाने योरूबा नाव घेतलं, ओलू दारा, आणि पोराच्या पूर्ण नावात 'बिन ओलू दारा' जोडलं. १९९४ च्या पोराच्या पहिल्याच अल्बममध्ये बापाचं कॉर्नेट वाजतं. हाच नास 'गली बॉय'चा कार्यकारी निर्माता होता, आणि त्याच्या कंपनीने २०१९ मध्ये भारतात पाऊल टाकलं तेव्हा पहिला कलाकार घेतला तो अंधेरीचा डिव्हाईन.

एमबीई नको, गावचं मानाचं पद चालेल

लंडनचा स्केप्टा नायजेरियन आईबापांचा. त्याने स्वतः सांगितलंय की ब्रिटिश राजघराण्याचा एमबीई किताब आपण नाकारला. २०१८ मध्ये नायजेरियातल्या वडिलांच्या गावाकडे मात्र पारंपरिक पोशाख घालून त्याने तिथल्या सरदारकीचा मान घेतला. पंचक्रोशीतला सत्कार दिल्लीच्या सत्कारापेक्षा मोठा मानणाऱ्यांना हे लगेच पटेल. ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक २०१६ मध्ये स्केप्टाला, २०१९ मध्ये डेव्हला, २०२२ मध्ये लिटल सिम्झला मिळालं. तिघांचेही आईबाप नायजेरियाचे.

सोंग घेतलं मोठं

आषाढात माउलींची पालखी खुडूसचं रिंगण आटोपून वेळापूरला येते. गावात शिरण्याआधी धावा बावीवर शेडगे मंडळींच्या दिंडीचं मानाचं भारूड होतं आणि मग वारकरी उतारावरून धाव घेतात. भारुडाची गंमत नाथांनीच करून ठेवली आहे. गाणारा स्वतः नसतोच. तो जोशी असतो, वासुदेव असतो, विंचू चावलेला असतो. सोंगाआडून खरं बोलायची सोय.

हीच सोय एका रॅपरनेही वापरली. लंडनमध्ये जन्मलेल्या डॅनियल डुमिलेचा बाप झिम्बाब्वेचा, आई त्रिनिदादची. न्यूयॉर्कला वाढला, भावाबरोबर रॅप करू लागला. १९९३ मध्ये भाऊ मोटारीखाली गेला आणि हा काही वर्षं गायब झाला. परत आला तो तोंडावर मोजा ओढून, आणि पुढे कायमचा लोखंडी मुखवटा चढवून. नाव घेतलं एमएफ डूम, कॉमिकमधल्या खलनायकाचं. मुखवटा इतका अंगी लागला की काही कार्यक्रमांना तो स्वतः गेलाच नाही. मुखवटा घालून दुसऱ्याच माणसाला स्टेजवर उभं केलं. लोक चिडले. त्याचं म्हणणं असं की माणूस बघायला येऊ नका, ऐकायला या. तिकिटाचे पैसे भरलेल्यांना हे तत्त्वज्ञान रुचलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

पण या बहुरूप्यावर खरी वेळ आली ती कागदपत्रांनी. आयुष्य अमेरिकेत गेलं, नागरिकत्व मात्र कधी घेतलंच नव्हतं. २०१० मध्ये परदेश दौऱ्यावरून परतताना त्याला अमेरिकेत शिरू दिलं नाही. उरलेली वर्षं इंग्लंडमध्ये गेली. ३१ ऑक्टोबर २०२० ला तो वारला, आणि जगाला ते कळलं बरोबर दोन महिन्यांनी.

मंगेशकरांचा आवाज, कॉम्पटनचा डीजे

पहाटे टीव्ही चालू राहिला होता, एवढंच निमित्त झालं. डीजे क्विकला जाग आली तर पडद्यावर हिंदी गाणं चाललेलं. त्याने ते झटकन टेप केलं. गाणं होतं १९८१ च्या 'ज्योती'तलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरींचं, आवाज लता मंगेशकरांचा. २००२ साली त्या आवाजावर ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं 'अॅडिक्टिव्ह' निघालं, त्यात राकिमसारखा थोर रॅपर, आणि गाणं अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेलं. लतादीदी तिथे, पण श्रेयनामावलीत बप्पीदांचं नाव नाही! प्रकरण कोर्टात गेलं. लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री नको, असा हुकूम निघाला.

त्याच साली एरिक सर्मनने 'ताजमहल'मधल्या 'चांदी का बदन' या कव्वालीचा तुकडा उचलला. बाईचा आवाज हिंदीत जे म्हणतो त्याचा अर्थ साधारण असा, की कुणाला जीवच द्यायची हौस असेल तर काय करणार. आणि त्यावर सर्मन इंग्रजीत उत्तर देतो, की ती जे काही म्हणाली, तो मीच! अर्थ न विचारता होकार देण्याचा एवढा उत्तम नमुना दुसरा नसेल. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीजने आशाताईंची दोन गाणी एकाच गाण्यात वापरली, 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल' आणि 'अपराध'मधलं 'ऐ नौजवान', आणि पुढच्या वर्षी रॅपचं ग्रॅमी नेलं. त्या गटातला अॅपल.डी.अॅप आईकडून फिलिपिनो आणि बापाकडून काळा अमेरिकन. त्याला "कुणाचा रं तू?" विचारलं तर उत्तर द्यायला अर्धा तास लागेल.

बातम्या देत आहेत...

सेनेगलमध्ये २०१३ साली झुमान आणि केटी या दोन रॅपरांनी टीव्हीवर बातमीपत्र सुरू केलं. कोट-टाय, टेबल, गंभीर चेहरे, सगळं रीतसर, फक्त बातम्या रॅपमध्ये. एक फ्रेंचमध्ये, दुसरा वोलोफमध्ये. त्याच देशात २०११ मध्ये केर गी या गटाच्या रॅपरांनी पत्रकारांना घेऊन 'आता पुरे' म्हणणारी चळवळ उभी केली, तरुणांना मतदार यादीत नावं घालायला लावली, आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष वाड निवडणूक हरले.

आपल्याकडे? एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने राजकारणातल्या पैशांच्या खोक्यांवर रॅप केला आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडेवरही झाला. अमर शेखांच्या महाराष्ट्रात गाण्याला पोलीस उत्तर देतात, हे काही नवीन नाही. शोभणारं तर मुळीच नाही.

आता आपल्या पोरांचं

टांझानियात अरुशा शहरात एक्स प्लास्टाझ नावाचा गट होता. त्यातला एक गडी मसाई, गुराख्याच्या लाल वस्त्रांत स्टेजवर यायचा आणि जमातीचं गाणं तसंच्या तसं गायचा, भोवती बाकीच्यांचा स्वाहिली रॅप. मुंबईच्या स्वदेसी गटाने २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' केलं तेव्हा आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर यांना बरोबर घेतलं. वारली गाणं आणि मराठी रॅप शेजारी शेजारी, आणि विषय झाडांचा. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर '१०० आरबीएच' या नावाने रॅप करतो तेव्हा त्याची बोली वऱ्हाडीच राहते. ही मंडळी उरतील. गळ्यात साखळी, अंगात हुडी आणि तोंडात उसनी न्यूयॉर्की घालून फिरणाऱ्यांचा हंगाम एखाद-दुसरा.

माळशिरस तालुक्यात कच्च्या मालाला तोटा नाही. धनगरी ओव्या आहेत, गजीचा ढोल आहे, हलगी आहे, अकलूजला १९९३ पासून लावणी स्पर्धेने फड गाजवलाय. नास आणि डेमियन मार्ली यांनी २०१० मध्ये आफ्रिकेच्या मुळांवर अल्बम केला तेव्हा सुरुवातीलाच इथिओपियाच्या मुलातू अस्तातकेंच्या जुन्या रेकॉर्डचा तुकडा घेतला. तो घेता आला, कारण कुणीतरी तो वेळेवर रेकॉर्ड करून ठेवला होता. मलिक अंबरच्या देशातलं संगीत असं वाचलं.

तेव्हा वेळापूर, महाळुंग, खुडूस, पिलीव, कुठल्याही गावात मोबाईलवर बीट लावून वहीत ओळी खरडणारं पोरगं असेल, त्याला एवढंच सांगणं आहे. स्वतःचा पहिला रॅप टाकायच्या आधी घरातल्या म्हातारीची एक जात्यावरची ओवी रेकॉर्ड कर. आणि बटण दाबल्यावर सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्यायला विसरू नकोस.